सामिदत्ताची पोढी

मी कल्याणची. माझ्या गावचा एक सोनार सातवाहनांच्या काळात कान्हेरीच्या डोंगरावर गेला आणि तिथल्या भिक्खूंसाठी पाण्याचं टाकं खोदवून आला. सामिदत्त त्याचं नाव. कातळात ब्राह्मी अक्षरांत सगळा मजकूर एका दमात आटोपलाय: नाव सामिदत्त, गाव कल्याण, धंदा सोनाराचा, दान पाण्याच्या पोढीचं. नवस कसला, खर्च किती, काही नाही. पोढी म्हणजे टाकं. प्राकृतातला शब्द, लेणी बघत हिंडणाऱ्यांच्या बोलण्यात अजून टिकलेला.

आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी मी त्याच्या मागून निघाले. तो होडीने गेला की बैलगाडीने, त्याचं त्याला ठाऊक. मला दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वे पकडावी लागली. पुढे बोरिवली, तिथून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आणि आतली बस. दोन तास सहज गेले. (सोमवारी उद्यान बंद असतं, हे मी एकदा फाटकापर्यंत जाऊन शिकलेली आहे.)

यंदाचा वर्षावास मुंबईतल्या बुद्धाच्या जागा बघण्यात घालवायचा, असं ठरवलं होतं. पावसाळ्यात वाट तुडवली तर पायाखाली कोवळी पिकं आणि किडामुंगी चिरडते, म्हणून भिक्खूंनी हे तीन महिने एका जागी राहावं, हा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. ते जेव्हा थांबतात नेमकी तेव्हाच मी हिंडत होते. जन्माने मी बौद्ध नाही, त्यामुळे नियम मोडल्याचं पाप लागणार नव्हतं. चपला तेवढ्या दोनदा तुटल्या.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेलं खोदकाम पुढे जवळजवळ हजार वर्षं होत राहिलं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरताना ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. सगळे त्यांच्याशी फोटो काढतात आणि माकडं तेवढ्यात चिप्सची पाकिटं पळवतात. मी मात्र पावसात भिजत पाणी कुठून कुठे जातं ते बघत होते. उतारावरच्या कातळात बोटभर, वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात. डोंगरावर पडलेला पाऊस त्या पन्हळींतून लेण्यालेण्याच्या दारातल्या पोढीत उतरतो. ही वस्ती मोठी होती, आणि उन्हाळ्यात तिथे दुसरं पाणी नव्हतं. सामिदत्ताने काय दिलं, ते पावसात गेल्यावरच कळतं.

त्याच्यासारखे तिथे पुष्कळ आहेत. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. सोपारा आणि चेमुल, म्हणजे आजचं चौल, इथल्या लोकांची नावं आहेत. कुणी राहायला खोली, कुणी बसायला दगडी बाक. काहींनी 'अक्षयनीवी' ठेवली: शेत किंवा रक्कम कायमची लावून द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूला चीवर द्यायचं. पायताणांच्या खर्चाचीही तरतूद लेखांत सापडते. मुदत ठेव आणि तिचं व्याज, हे गणित आपल्याकडे बँकांच्या आधीपासून आहे. या सगळ्याला लेखांतला शब्द एकच, 'देयधम'. द्यायची वस्तू, दिलेलं दान.

नव्वदाव्या लेण्यात आणखी एक पाहुणे भेटले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, १००९ आणि १०२१ या वर्षी, काही पारशी इथे आले आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेले. पुरातत्त्व खात्याची पाटी सांगते की भिंतींवर नावं लिहिणं गुन्हा आहे. हजार वर्षं जुना गुन्हा मात्र काचेआडच्या दागिन्यासारखा जपावा लागतो.

याच लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचा एक शिल्पपट आहे. मधोमध तो उभा, आणि दोन्ही अंगांना संकटात सापडून त्याचा धावा करणारी माणसं: कुणाच्या अंगावर हत्ती आलाय, कुणाला आगीने घेरलंय, कुणापुढे साप. एका चौकटीत जहाज बुडतंय. डोंगरात, जंगलात, समुद्रापासून इतक्या आत बुडणारं जहाज कोरायला लावणारे दाते कोण असतील, हे ओळखायला इतिहासकार लागत नाही. मी त्या जहाजाचा फोटो काढून ठेवला. पुढे तो उपयोगी पडला.

*

नालासोपाऱ्याला उतरलं की पश्चिमेला रिक्षावाल्याला 'स्तूप' म्हणायचं. 'बुरुड राजाचं कोट' म्हटलं तर जुन्या माणसांना जास्त लवकर कळतं. हेच प्राचीन शूर्पारक. पाली कथांतला पुण्ण, म्हणजे पूर्ण नावाचा व्यापारी इकडचा. भिक्खू झाल्यावर तो आपल्या मुलखात परत जायला निघाला, तेव्हा बुद्धाने त्याला विचारलं, तिकडचे लोक तापट, शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, मारलं नाही हे चांगलं म्हणेन. आणि मारलं तर? शस्त्र चालवलं नाही म्हणून चांगलं म्हणेन. हा संवाद जिवावर बेतेपर्यंत चढत जातो आणि पुण्ण दर वेळी एक पायरी खालची कृतज्ञता शोधून काढतो. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये चढताना ही कथा आठवावी, फार बळ येतं.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. पश्चिम भारतातल्या लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचून काढणाऱ्यांतलं हे आघाडीचं नाव. मूळचे जुनागढचे, कर्मभूमी मुंबई. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती आठ छोट्या मूर्ती, सात मागचे बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय. करंडकात करंडक असे उघडत गेले: चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. सगळ्यात आत काय, तर भिक्षापात्राचे मानले जाणारे मातीचे तुकडे. सोन्याच्या डबीत खापऱ्या! त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला मिळाला. स्तूपातला ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेला. जागेवर आता विटांचा उंचवटा, गवत आणि कुंपण आहे.

*

डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून माझगावात नवाब टँक रोडवर जायचं. लाकडी जिना चढून वर जायच्या एका जुन्या लाल इमारतीत सी यिप कून आहे, मुंबईतलं चिनी देऊळ. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांनी १९१९ मध्ये ते बांधलं. बहुतेक जण जहाजांवर किंवा गोदीत कामाला. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली चिनी वस्ती आटत गेली. आता एरवी शुकशुकाट असतो, चिनी नववर्षाला तेवढा जिना माणसांनी भरतो.

वरच्या मजल्यावर योद्धा ग्वान गाँग, खालच्या मजल्यावर ग्वानयिन ही करुणेची देवी. तांबडा रंग, उदबत्त्यांचा दाट धूर, नशिबाचा कौल सांगणाऱ्या काड्या. हे बौद्ध देऊळ का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं नाही. चिनी देवळांत बुद्ध, ताओ आणि पूर्वज एकाच छपराखाली राहतात. पण ग्वानयिन कोण, याचं उत्तर सोपं आहे. कान्हेरीचा अवलोकितेश्वर मध्य आशियातून चीनला गेला, तिकडे शतकं लोटता लोटता बाईचं रूप घेतलं, आणि खलाशांच्या आठवणीबरोबर बोटीने मुंबईला परत आला. इथून कान्हेरीचा डोंगर तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. मी फोन काढून त्या बुडत्या जहाजाचा फोटो बघितला. गोदीतल्या माणसाला जी भीती, तीच सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याला. धावाही एकाचाच.

त्या धाव्याचा उगम एका ग्रंथात आहे, 'सद्धर्मपुंडरीक' सूत्रात. अवलोकितेश्वर कोणकोणत्या संकटांतून सोडवतो, याचं त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. आणि या ग्रंथाच्या नुसत्या नावाचा घोष करणारं मंदिर आहे वरळीला, पोद्दार रुग्णालयाच्या समोर. निप्पोनझान म्योहोजी. 'नमु म्योहो रेंगे क्यो', म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. एवढंच म्हणायचं, आणि म्हणताना ढोल वाजवायचा. ॲनी बेझंट रोडवरच्या हॉर्नच्या गदारोळातून आत गेलं की पहिली काही मिनिटं दोन्ही आवाज कानात भांडतात. मग ढोल जिंकतो.

जपान आणि मुंबई हे नातं कापसाने जोडलं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये जपानी बोटी सुरू झाल्या. पुढे १९३१ मध्ये निचिदात्सु फुजी हे भिक्षू भारतात आले. बुद्धाचा धर्म जिथून आला तिथे तो परत न्यायचा, ही त्यांची प्रतिज्ञा. वर्ध्याला ते गांधीजींना भेटले, आणि पुढे गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेची सुरुवात या जपानी मंत्राने होऊ लागली. १९५० मध्ये वरळीच्या बुद्धमंदिरात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपलं उरलेलं आयुष्य बुद्धधम्माच्या पुनरुज्जीवनासाठी देण्याचा मनोदय जाहीर केला. नागपूरची धम्मदीक्षा अजून सहा वर्षं लांब होती.

*

मुंबईतल्या आधुनिक विहारांची गोष्ट दवाखान्यात आणि गिरणगावात सुरू होते. डॉ. आनंदराव नायर यांनी आईच्या नावाने मुंबई सेंट्रलला रुग्णालय उभं केलं, आणि त्याच आवारात १९२० च्या दशकात आनंद विहार. आजारपण, म्हातारपण आणि मरण बघून सिद्धार्थ घराबाहेर पडला म्हणतात. या विहाराच्या बाहेर त्या तिन्ही गोष्टी केसपेपर हातात घेऊन रांगेत उभ्या असतात.

परळचा बहुजन विहार धर्मानंद कोसंबींचा. गोव्यातल्या साखवाळचा हा मुलगा. 'बालबोधमेवा' मासिकात त्याने बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. त्यापायी घर सोडलं. नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घातले. भिक्खू झाले, पाली शिकले, हार्वर्डला जाऊन ग्रंथ संपादले. गिरणी कामगारांच्या वस्तीत विहार काढायचा, तिथे राहायचं, हा त्यांचा विचार. पैसे दिले बिर्लांनी, साल १९३७. कोसंबी तिथे फार वर्षं राहिले नाहीत. पण बुद्धाला मराठीत आणायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. 'भगवान बुद्ध' वाचून ज्यांना बुद्ध पहिल्यांदा माणूस म्हणून दिसला, त्यांच्यात माझे वडील होते.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. डॉक्टरांचा विहार, पंडितांचा विहार, उद्योगपतीचे पैसे: १९५६ पर्यंत मुंबईतला बुद्ध हा मोठ्या माणसांच्या आस्थेचा विषय होता. तो चाळीत राहायला आला, तो त्यानंतर.

*

मध्य मुंबईतली एक चाळ. नाव लिहीत नाही, कारण पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि नव्या इमारतीत विहाराला जागा किती, हा तिथला नाजूक विषय आहे. दोन खोल्यांची मधली भिंत पाडून केलेला विहार. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, निळं आणि पंचरंगी अशी दोन निशाणं, लोखंडी कपाट, एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. वर्षावासात इथे रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मेणबत्ती आणि अगरबत्ती, मग त्रिसरण-पंचशील, मग वाचन. नारळ नाही, गुलाल नाही, अंगात येणं नाही. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी ते सगळं दाराबाहेर ठेवलंय.

दारातच विचारणा झाली, "कुठून आलात, ताई?"

"कल्याणहून."

"एवढ्या लांबून? बसा, बसा. हिला खुर्ची द्या गं."

मी खाली सतरंजीवरच बसले. पांढऱ्या साड्यांतल्या वीसेक बाया, चार-पाच पुरुष, कडेला मुलं. वाचणारी मुलगी कॉलेजातली असावी; जोडाक्षरावर अडखळली की मागून एक आजी हळूच शब्द पुरवायची. आजींच्या हातात पुस्तक नव्हतं. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. लिहिता-वाचता येण्याआधी ग्रंथ कानाने शिकायचे, ही भिक्खूंची मूळ रीत. ती मला कान्हेरीत नाही, इथे दिसली.

वर पंखा फिरत होता. वाचन संपल्यावर तो बंद केला, तेव्हा पात्यांवरची अक्षरं दिसली: कुणाच्या तरी स्मरणार्थ, सप्रेम भेट, मुक्काम आणि तालुका. तालुका कोकणातला. मग मी भिंतीकडे नजर वळवली. घड्याळावर नाव, कपाटावर नाव, फरशीच्या दात्यांची संगमरवरी पाटी, दाराशी पाण्याचा कूलर आणि त्याच्यावर एका आईचं नाव. सामिदत्त! नाव, गाव, दान. फक्त ब्राह्मीऐवजी ऑइलपेंट.

२०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाखांवर महाराष्ट्रात. त्यांच्या धम्माला ना राजाश्रय होता ना मोठी देणगी. मुंबईत तो उभा राहिला वर्गणीवर. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा, भारतीय बौद्ध महासभेने तयार केलेले बौद्धाचार्य, महिला मंडळं, गावकीची मुंबईतली मंडळं: कुणी पंखा द्यायचा, कुणी फरशी, पौर्णिमेला कुणी खीर. लग्न लावायला आणि पुण्यानुमोदनाला घरातलाच, वस्तीतलाच माणूस. अक्षयनीवी ठेवण्याइतकं शेत कुणाकडे नव्हतं. महिन्याच्या पगारातून जे निघेल ते दिलं.

निघताना आजींनी विचारलं, आणखी कुठे कुठे गेलात? मी माझगावच्या ग्वानयिनचं सांगितलं. कौल लावतात म्हटल्यावर आजींचा चेहरा बदलला. "मग ते आपलं नव्हे," त्या म्हणाल्या. हे मुद्दाम नोंदवते. इतक्या जागा एका दमात बघणाऱ्याला सगळं एकच आहे असं म्हणण्याचा मोह होतो. तसं ते नाही. वरळीला घोषाने मुक्ती आहे, माझगावला कौल आहे, चाळीत प्रतिज्ञा आहेत. आणि कौल नाकारायला ज्यांच्या पिढीने किंमत मोजली, त्यांना तो फरक पुसायला सांगणारी मी कोण?

*

गोराईला होडीने गेले. खाडी ओलांडताना सोनेरी कळस आधी दिसतो आणि बराच वेळ जवळ येत नाही. ग्लोबल विपश्यना पॅगोडा ही यांगूनच्या श्वेडगोन पॅगोडाच्या धर्तीवरची वास्तू. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आत आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतील एवढा घुमट, आणि त्याला एकही खांब नाही. दगडात दगड अडकवत वर नेलाय. घुमटात बुद्धधातू ठेवलेत.

या पॅगोडामागचे सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले, व्यापारी घराण्यातले. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईतल्याच एका धर्मशाळेत घेतलं. ब्रह्मदेशाने ही विद्या सांभाळून ठेवली, त्या ऋणाची खूण म्हणून हा पॅगोडा. पुन्हा व्यापारी, पुन्हा समुद्रापलीकडून परत आलेली ठेव.

ज्यांनी शिबिर केलेलं नाही त्यांना घुमट काचेआडून बघावा लागतो. मी काचेला नाक लावून उभी राहिले. आत अफाट, स्वच्छ, थंड शांतता. चाळीतल्या विहारात एक तरुण म्हणाला होता की डोळे मिटून बसायला हरकत नाही, पण उघडल्यावर समोर काय दिसतं त्याचं काय करायचं ते ठरवा. आंबेडकरी चळवळीत हा वाद जुना आहे, आणि विपश्यनेला जाणारेही त्याच चळवळीत पुष्कळ आहेत. मला तो तरुण काचेसमोर आठवला, एवढंच सांगते.

*

चैत्यभूमी सगळ्यात शेवटी ठेवली होती. आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या संध्याकाळी गेले. सहा डिसेंबरची गर्दी मी पूर्वी पाहिली आहे: शिवाजी पार्कपासून माणसांचा समुद्र, डोक्यावर वळकट्या, पुस्तकांच्या दुकानांपुढे रेटारेटी. वर्षभराची बचत पुस्तकांवर खर्च करायला माणसं येतात अशी दुसरी यात्रा माझ्या माहितीत नाही. या संध्याकाळी मात्र निवांत होतं. सांचीसारखं तोरण, छोटा पांढरा स्तूप, मागे दादरचा समुद्र.

दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी इथे अंत्यसंस्कार झाले आणि त्याच ठिकाणी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी दीक्षा घेतली. नागपूरच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. स्मशानातच हा धम्म मुंबईत रुजला. बाबासाहेबांचे पुत्र भय्यासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने स्तूप उभा राहिला, १९७१ मध्ये त्यांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

प्रदक्षिणा घालून बाहेर पडले. तोरणापलीकडे एका मंडळाने टेबल मांडलं होतं: खिरीचं पातेलं, पाण्याचे जार, स्टीलचे पेले. गेले तीन महिने डोक्यात पाणीच पाणी होतं म्हणून असेल, पण पेला हातात आला तेव्हा आठवलं महाड. २० मार्च १९२७, चवदार तळं. ज्या माणसाच्या लोकांना सार्वजनिक तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या स्तूपाबाहेर त्याच लोकांनी मला पाणी दिलं. देताना कोण, कुठली, हे विचारलं नाही. माझ्या आजोबांच्या घरात पाणी देण्याआधी ते विचारत असत. मला माहीत आहे, कारण लहानपणी दारात आलेल्यांना वरून पाणी ओतायला तांब्या घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं.

जारवर चिकटपट्टीने कागद लावला होता, दात्याच्या नावाचा. पाण्याने शाई फुटली होती. नाव लागलं नाही, गाव लागलं नाही, 'यांजकडून' एवढंच वाचता आलं. मी पेला विसळून पालथा ठेवला आणि कल्याणची गाडी गाठायला दादर स्टेशनकडे चालू लागले.